चौऱ्याण्णव अंश

दुपारी तीनच्या सुमाराला
टॉवेलची किनार पडद्यावर अर्धीच उमटते
आणि कॉम्प्युटर बंद पडतो.
गेल्या सोमवारपासून असंच.
मोराची मान आलेली असते, पिसारा नाही.

बाहेर त्रेचाळीस. आत, प्रोसेसरच्या पोटात,
चौऱ्याण्णव.
पडदा काळा व्हायच्या आधी तो आकडा मी बघितला,
फणफणलेल्या पोराच्या काखेतला थर्मामीटर बघावा तसा.

मल्लिनाथला फोन केला.
नवी पेठेतून दाजी पेठेत यायला
त्याला ऊन उतरायला हवं होतं.
"अक्का, उन्हानं नाही, सुतानं मरलालंय ते.
तुम्हीच उघडा की. चार तर स्क्रू."

प्लग काढला. कूलरचं तोंड दुसरीकडे फिरवलं,
ओला वारा आत जायला नको.
बाजूचा पत्रा सरकवला,
तर प्रोसेसर कुठं दिसतोय!
पंख्याखाली एक गोधडी होती,
कुणी न शिवलेली, नुसती साचत गेलेली.

दोन इंची जुना ब्रश घेतला.
पंख्याच्या पात्याला बोट लावून धरलं.
"मोकळा फिरू देऊ नका," मल्लिनाथ म्हणालेला,
"मोकळा फिरला की बिघडतो."
आमच्या धाकट्या दिराबद्दल बोलतोय असंच वाटलं.

वरचा थर राखाडी: ड्रेनेजसाठी खोदलेली गल्ली,
अजून तशीच उघडी.
त्याखाली गुलाबी.
गुलाबी म्हणजे दिवाळीआधीची हॉटेलची ऑर्डर,
तीन पाळ्या चालल्या होत्या,
कडक भाकरीवरनं गुलाबी झटकून खायचो आम्ही.
त्याखाली हिरवा, दवाखान्याचे नॅपकिन.
त्याचे पैसे यायचेत.
आणि पार तळाशी,
ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या फटीत, टाचणीनं उकरावा लागला असा,
मरून.

मरून मी कधी लावलाच नाही मागावर.
मरून नायनांचा.

हा कॉम्प्युटर त्यांनीच आणला, जुना, दुसऱ्याच्या ऑफिसातला,
रिक्षात मांडीवर धरून.
"माग हात ओळखतो. हे काय ओळखतंय?"
असं म्हणायचे, आणि मी नक्षी काढताना
मागं स्टूल ओढून बसायचे.
माग पुसायचा त्यांचा ब्रश वेगळा होता, घोड्याच्या केसांचा,
सुट्टीदिवशी एकेक कांडी, एकेक दात,
पोरीची वेणी घालावी इतक्या सावकाश.
खोकायचे. परत पुसायचे.
डॉक्टर आडमांनी एक्स-रे उजेडाला धरला
तेव्हा त्यातही असंच काहीतरी पांढरं
फटीफटीत बसलेलं होतं.
"इथं पोचत नाही आपला ब्रश," नायना मला म्हणाले,
तेलुगूत, डॉक्टरांना कळू नये म्हणून.
आडमांना तेलुगू आपल्यापेक्षा चांगलं येतं
हे विसरूनच गेले होते.

प्रोसेसरवरची पेस्ट
वाळलेल्या खळीसारखी पापुद्रे धरून होती.
स्पिरिटच्या कापसानं पुसली. खाली चकचकीत चौकोन,
एवढासा. एवढ्याशात आमचे सगळे मोर.
नवी पेस्ट मटाराएवढी घाला, असं सांगितलेलं.
मटाराचा अंदाज मला येईना.
ज्वारीचे तीन दाणे धरले मनात, तेवढी घातली.

चालू केला. अठ्ठेचाळीस. पन्नास.
मोराचा पिसारा शेवटच्या डोळ्यापर्यंत आला
तेव्हा अठ्ठावन्न.
मल्लिनाथला आकडा कळवला, तो म्हणाला,
"बघा, माझी शंभर रुपयांची पेट्रोल वाचली."
कुठल्या दरानं वाचली ते विचारलं नाही.

कॅबिनेट जमिनीवरनं उचलून विटांवर ठेवलं.
जुन्या मच्छरदाणीचा तुकडा कापला,
हवेच्या जाळीवर ताणून बांधला, माग बांधतात त्या गाठीनं.
दर महिन्याला धुवायचा, कॅलेंडरवर लिहून ठेवलंय,
पाणी येतं त्या तारखेच्या खाली.

मग खालचे माग सुरू झाले.
खट्क खट्क, जिन्यातनं
पिवळं काहीतरी तरंगत वर यायला लागलं.
हा नवा रंग, लहान मुलांचे टॉवेल.

ब्रश मारताना तोंडाला फडकं बांधायचं
माझ्या लक्षातच आलं नव्हतं.
रात्री शिंकले.
रुमाल ट्यूबलाइटच्या उजेडाला धरला.